देवाला बागुलबुवा करू नका



दोन-अडीच वर्षांचं लेकरू ऐकेनासं झालं की आपल्या घरांत जी वाक्यं उच्चारली जातात ती आम्हाला आता पाठ झाली आहेत. "गप बस, नाहीतर पोलीस येतील." "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील." "अंधारात बाहेर गेलास तर अस्वल नेईल." (हे शेवटचं कणकुंबीत अगदीच खोटं नाही, म्हणून ते सोडून देऊ.) आणि पोलीस, डॉक्टर, अस्वल या कशालाच लेकरू भ्यालं नाही की मग भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट जातं: "जेजू बघतोय हं. मारील तुला."

आमचा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे, आणि तो लहानसा नाही.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गाला जी मुलं येतात ती आठ-नऊ वर्षांची असतात. पहिल्या दिवशी आम्ही पुस्तक उघडत नाही. नुसतं विचारतो, देव कसा आहे? "देव प्रेमळ आहे" हे उत्तर येतं, पण ते उशिरा येतं आणि धड्यातलं असल्यासारखं येतं. त्याच्या आधी, न शिकवता, पटकन येणारं उत्तर वेगळंच असतं: "चूक केली की शिक्षा करतो." हे त्यांना आम्ही शिकवलेलं नसतं, फादरांनी नाही, सिस्टरांनी नाही. हा धडा घरी झालेला असतो, दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कधीतरी, जेव्हा लेकराला उलट विचारायला शब्दसुद्धा नव्हते. त्यानंतर आम्ही वर्ष-दोन वर्षं क्षमेवर बोलतो, उधळ्या पुत्राची गोष्ट सांगतो, चित्रं काढून घेतो. पण खालचा थर आधीच बसलेला असतो.

म्हणून हट्टी लेकराला शिस्त कशी लावायची हा प्रश्न आम्हाला केवळ घरगुती वाटत नाही. तो श्रद्धाशिक्षणाचाच प्रश्न आहे, आणि त्या शिक्षणाचे पहिले शिक्षक आम्ही नाही, तुम्ही आहात. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आधी आईबापांनाच विचारतात, या बाळाला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी घेताय ना? आपण मोठ्याने "हो" म्हणतो. मग जेवणाचं ताट उडालं की तीच श्रद्धा धमकी म्हणून वापरतो.

आता हट्टाकडे येऊ. आपल्याकडे हट्टी पोराला "आडदांड", "कोडगा", "सैतान" म्हणायची रीत आहे. सैतान हा शब्द तर ख्रिस्ती घरात इतका सहज येतो की ऐकवत नाही. दोन वर्षांच्या जिवाचा हट्ट म्हणजे सैतान नव्हे. त्या वयात लेकराला "मी" वेगळा आहे हे नुकतंच कळलेलं असतं, आणि ते सिद्ध करायला त्याच्याजवळ एकच शब्द असतो: नाही. हवं असलेलं पुष्कळ असतं आणि सांगायला शब्द थोडे. आलेली उबळ आवरायचं काम मेंदूचा जो कपाळामागचा भाग करतो तो त्या वयात अगदीच कच्चा असतो. तो पुरता पिकायला वयाची विशी उलटावी लागते, असं शास्त्र सांगतं. त्यात भूक, झोप, दात येणं, ताप. आणि आपल्याकडचा पाऊस. बेळगाव जिल्ह्यात सर्वात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत कणकुंबीचं नाव आहे. जूनपासून तीन-चार महिने लेकरू चार भिंतींत, चुलीवर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांच्या वासात कोंडलेलं. मोठ्या माणसांची डोकी फिरतात तिथं त्याचं काय होत असेल? पावसाळ्यात पोरं जास्त रडतात अशी तक्रार आया करतात. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. त्यांच्या हातात शेंगा सोलायला द्या, केरसुणी द्या, भांड्यांची उतरंड लावू द्या. अर्धा हट्ट कामात जिरतो.

उरलेला अर्धा मात्र खरा हट्ट असतो. भूक नाही, झोप नाही, दुखणं नाही. नुसतं "मी म्हणतो तसंच". त्याचं काय करायचं, यावर ख्रिस्ती लोकांत फार जुना वाद आहे.

एका बाजूचं म्हणणं असं की लेकराची इच्छा लवकरात लवकर मोडावी. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांची आई सुझाना हिने १७३२ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात आपली बालसंगोपनाची पद्धत सांगितली आहे. तिची १९ बाळंतपणं झाली आणि त्यांतली निम्मी मुलं लहानपणीच गेली. त्या बाईचं मत असं की मुलाची इच्छा जिंकणं हे पहिलं काम. तिच्या घरात वर्षाचं होताच बाळाला छडीचा धाक आणि हळू आवाजात रडायची सवय लावली जाई. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स डॉब्सन यांनी हट्टी मुलावरच एक पुस्तक लिहिलं. त्यात छडीची मुभा आहे, पण मुलाची इच्छा वळवावी, त्याचं मन मोडू नये, असा भेदही आहे. असली पुस्तकं, आणि आता व्हिडिओ, आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांतही पोचतात. पोचतानाच तो भेद गळून जातो. "मोडा" तेवढं राहतं.

सुझानाबाईंबद्दल एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण तिचं नाव घेणारे ती सांगत नाहीत. तिच्या घरचे आणखीही नियम होते. चूक कबूल करणाऱ्या मुलाला मार नाही. एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा नाही, आणि ती चूक पुन्हा कधी उकरून काढायची नाही. मुलाने आपणहून आज्ञा पाळली, विशेषतः मनाविरुद्ध पाळली, तर त्याचं कौतुक करायचंच. हे नियम आपल्यातल्या किती घरांत आहेत? आपल्याकडे पाहुण्यांसमोर गेल्या वर्षीच्या चुका मोजल्या जातात.

आम्ही "मोडा" या पक्षाचे नाही. मराठीत आपण हट्ट "मोडतो" म्हणतो खरं, पण मुलाला "वळण लावतो" असंही म्हणतो, आणि दुसरा शब्द जास्त खरा आहे. मलप्रभा आपल्याच गावात उगम पावते. तिचं पाणी पूर्वेला वळून पार कूडलसंगमला कृष्णेत जातं, आणि इथूनच थोड्या अंतरावर पडलेला पाऊस पश्चिमेला म्हादईत उतरून गोव्याकडे धावतो. पाणी तेच, उताराला कुठं वळलं एवढाच फरक. लेकराची जिद्द ही अशीच गोष्ट आहे. आज खोबऱ्याच्या तुकड्यासाठी जमिनीवर डोकं आपटणारा मुलगा उद्या खोटी सही करायला नकार देणारा कारकून होऊ शकतो. जिद्द मुळातच मोडून टाकली तर तो उद्या कुणालाच नाही म्हणू शकणार नाही, वाईट संगतीलासुद्धा.

प्रभू येशूने दोन मुलांचा दाखला दिला आहे, मत्तयच्या शुभवर्तमानात, २१ व्या अध्यायात. बापाने दोघांना मळ्यात कामाला जायला सांगितलं. एक म्हणाला, जात नाही; पण मागाहून त्याला वाईट वाटलं आणि तो गेला. दुसरा आदबीने हो म्हणाला आणि गेलाच नाही. बापाची इच्छा कुणी पाळली, असं प्रभू विचारतो. आपण घरात नेमके दुसरे मुलगे तयार करायला बसलो आहोत की काय, अशी आम्हाला कधीकधी शंका येते. तोंडावर हो म्हणणारं, घाबरून हो म्हणणारं लेकरू आपल्याला "शहाणं" वाटतं. पहिल्याच्या बापाने काय केलं ते दाखल्यात सांगितलेलं नाही. पण मुलाला मागाहून वाईट वाटायला मधे थोडा वेळ मिळाला एवढं नक्की. तोच वेळ आपण देत नाही.

इथं कुणीतरी नीतिसूत्रांचं पुस्तक उघडणार हे आम्हाला ठाऊक आहे. तेराव्या अध्यायात, बाविसाव्यात, तेविसाव्यात छडीचा उल्लेख आहे. जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी, अशा अर्थाचा. बेनसिराच्या पुस्तकात तिसाव्या अध्यायात त्याहून कडक भाषा आहे. ही वचनं पवित्र शास्त्रातली आहेत, ती नाहीत असं आम्ही म्हणणार नाही. पण दोन गोष्टी पाहा. नीतिसूत्रांत छडीसाठी जो हिब्रू शब्द आहे, शेवेट, तोच तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी आहे, आणि तिथं ती काठी भक्ताला धीर देते. खानापूरच्या जंगलपट्टीतले गवळी-धनगर आपण पाहतो. त्यांच्या हातात काठी दिवसभर असते. ती झुडूप बाजूला सारते, पुढच्या जनावराला वळवते, साप आला तर पुढे होते. आठ दिवसांच्या वासराच्या पाठीत ती घालणारा गवळी आम्ही तरी पाहिलेला नाही. वासराला तो उचलून घेतो.

दुसरी गोष्ट. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, २२२३ व्या परिच्छेदात, बेनसिराचं ते छडीचं वचन दिलेलं आहे. पण त्याच परिच्छेदात, त्या वचनाच्या आधी, असंही सांगितलं आहे की जे आईबाप आपल्या चुका मुलांपाशी कबूल करू शकतात तेच मुलांना चांगलं वळण लावू शकतात. आणि मग संत पौलाचं इफिसकरांना लिहिलेलं वचन: बापांनी लेकरांना चीड आणू नये. कलस्सैकरांना लिहिताना पौल कारणही देतो, की त्यांची उमेद खचेल. आपण परिच्छेदातला मधला तुकडा उचलतो आणि पुढचं-मागचं सोडतो.

पोप फ्रान्सिस यांचंही नाव या वादात घेतलं जातं. ४ फेब्रुवारी २०१५ च्या बुधवारच्या प्रवचनात त्यांनी एका बापाची हकिगत सांगितली. तो म्हणाला होता, मुलांना कधीकधी हलकी चापट मारावी लागते, पण तोंडावर कधीच नाही, त्यांचा अपमान होईल म्हणून. पोपना त्याची ही जाण आवडली. त्यावर जगभर टीकाही झाली. आमचं मत असं: पोपनी कौतुक केलं ते त्याच्या चापटीचं नव्हे, मुलाच्या प्रतिष्ठेची जाण ठेवण्याचं. आणि दुसऱ्याच वर्षी, २०१६ मध्ये, कुटुंबावरच्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात त्यांनी मुलांच्या संगोपनावर एक अख्खं प्रकरण दिलं. चुकलेल्या मुलाला सुधारावं, पण ते शत्रू नव्हे आणि आपली चीड काढायची वस्तूही नव्हे, हा त्यातला विचार आम्हाला त्या चापटीपेक्षा फार महत्त्वाचा वाटतो. कारण खरं सांगा, दोन वर्षांच्या मुलाला पडलेल्या दहा चापट्यांपैकी किती त्याच्या चुकीच्या असतात? बऱ्याचशा सासूशी झालेल्या बोलण्याच्या, ओल्या लाकडांच्या, न आलेल्या पगाराच्या असतात. शाळेतून छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने गेली. गुरुजींनी हात उगारला तर आपण जाब विचारायला जातो. तेच मूल त्याहून लहान असताना घरात मात्र आपल्याला कुणी विचारत नाही.

मग करायचं काय? मारू नका म्हटलं की लोक समजतात, सोडून द्या म्हणतात. तसं अजिबात नाही. सोडून देण्याचा दोषही पवित्र शास्त्रात आहे: एली याजकाचे मुलगे बहकले आणि त्याने त्यांना आवरलं नाही म्हणून देवाने त्याला दोष दिला. रडलं की मोबाईल हातात देणं हे आजच्या एलीचं काम आहे. रडणं चालतं, असा धडा त्यातून लेकरू शिकतं, आणि फार लवकर शिकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की वर्षभराच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, वर्षाच्या मुलालाही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको. आपल्याकडे रेंज येते-जाते हा त्या बाबतीत देवाचा आशीर्वादच म्हणायचा.

मारणं नाही आणि सोडून देणंही नाही, असं मधलं काही असतं का? असतं. आम्हाला त्याचं सर्वात चांगलं उदाहरण संत जॉन बॉस्को यांच्या घरात सापडतं. त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ चा, इटलीतल्या बेक्की या वाडीतला. दोन वर्षांचे व्हायच्या आतच वडील वारले. आई मार्गेरिता, लिहिता-वाचता न येणारी शेतकरीण, सावत्र मुलगा आंतोनियो आणि आपले दोघे, योसेफ आणि जॉन, यांना घेऊन राहिली. जॉन जात्याच हट्टी. त्यांच्या चरित्रात एक लहानशी गोष्ट आहे. जॉन चारेक वर्षांचा असताना दोघे भाऊ तहानलेले घरी आले. आईने पाणी आधी मोठ्या योसेफला दिलं. जॉनचं नाक फुगलं. त्याच्यापुढे पाणी धरलं तेव्हा त्याने, नको, अशी खूण केली. आईने काय केलं? रागावली नाही, समजूत घातली नाही, "बरं बाबा, उद्या तुला आधी" असंही म्हणाली नाही. एक शब्द न बोलता पाणी परत नेऊन ठेवलं. जॉन थोडा वेळ थांबला. मग हळूच म्हणाला, आई, मला पण पाणी दे ना. ती म्हणाली, मला वाटलं तुला तहान नाही. तो म्हणाला, आई, माफ कर. आता कसं, म्हणत तिने पाणी दिलं.

ही गोष्ट पुन्हा वाचा. त्यात आईचा आवाज चढत नाही. मुलाचा अपमान होत नाही. हट्टाला बक्षीस मिळत नाही. आणि जे घडतं ते त्याच्याच "नको"चं फळ म्हणून घडतं, देवाचा कोप म्हणून नाही. त्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक छडीही उभी असे म्हणतात. ती तिथून कधी हलली नाही, आणि कुणाच्या अंगावरही उठली नाही. पुढे १८७७ साली डॉन बॉस्को यांनी आपल्या शाळांसाठी जी शिक्षणपद्धत लिहून काढली, समजूत, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर उभी, तिचं मूळ ट्युरिनच्या शाळेत शोधण्यापेक्षा त्या पाण्याच्या भांड्यात शोधावं असं आम्हाला वाटतं.

आपल्या घरांत हे कसं उतरवायचं त्याबद्दल थोडं. नियम थोडे ठेवा, अगदी मोजके. कणकुंबीत आम्ही चारच सांगतो: चूल, विहीर, रस्ता, आणि दुसऱ्याला मारणं-चावणं. चोर्ल्याचा रस्ता गावातून जातो, ट्रक थांबत नाहीत. इथं समजूत घालत बसायचं नाही. उचलायचं आणि बाजूला न्यायचं, कितीही रडलं तरी, दर वेळी. बाकीच्या बाबतीत लेकराला थोडी निवड द्या. लाल सदरा की निळा? आधी भात की आधी आमटी? निवडायला मिळालं की "नाही" म्हणायची गरज कमी होते. एकदा सांगा आणि मग करा. दहादा सांगून अकराव्यांदा फटका, असं झालं की लेकरू पहिले दहा वेळा ऐकायचं नसतं हेच शिकतं. आणि रडणं थांबलं की जवळ घ्या. जबरदस्तीने "सॉरी म्हण" म्हणून नव्हे. नुसतं जवळ घ्या.

अवघड आहे ते वेगळंच. नियम एकाचा आणि मोडणारा दुसरा. आपल्या भागातले कितीतरी बाप गोव्यात कामाला असतात, शनिवारी रात्री येतात. आठवडाभर आई सांगते, "थांब, बाबा आल्यावर सांगते." म्हणजे लेकराच्या दृष्टीने बाप हा शनिवारी येणारा न्यायाधीश. काही बाप आल्या आल्या ते काम पार पाडतात. काही त्याच्या उलट, खिशात चॉकलेटं भरून येतात आणि आठवड्याची सगळी शिस्त रविवारपर्यंत धुऊन टाकतात. बायका याबद्दल सभेनंतर हळू आवाजात बोलतात, पुरुषांसमोर बोलत नाहीत, म्हणून आम्ही इथं लिहितो आहोत. बाप हा शब्द तुमचं लेकरू तुमच्याकडून शिकतं. नंतर आम्ही त्याला तोच शब्द देवासाठी वापरायला शिकवतो, 'आमच्या बापा' या प्रार्थनेत. त्या शब्दाला त्याच्या मनात भीतीचा वास येत असेल किंवा नुसता चॉकलेटचा, तर तो आमच्याने निघत नाही. शनिवारी आल्यावर आधी बायकोला विचारा, या आठवड्यात काय ठरलंय, आणि तेच पाळा.

आजीचंही तसंच. आजीची माया देवाची देणगी आहे, पण "दे गे त्याला, रडवतेस कशाला" या एका वाक्याने आईचा आठवडा पाण्यात जातो. या ओढाताणीत कुणीच वाईट नसतं. पंडिता रमाबाईंचंच पाहा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी आणि त्यांच्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला तेव्हा मनोरमा अडीच वर्षांची होती. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या "आजीबाई" म्हणत. मनोरमेला धर्माचं काय आणि कसं शिकवायचं, यावरून या आजीबाईंशी रमाबाईंचे पत्रांतून वाद झाले. वाद शिस्तीचा नव्हता, शिकवणीचा होता, पण मूळ प्रश्न तोच: लेकरावर शेवटचा शब्द कुणाचा? रमाबाईंचं उत्तर स्पष्ट होतं, आईचा. आणि तरी आजीबाईंशी नातं टिकलं. आपल्या घरातल्या सुनांना एवढं स्पष्ट बोलता येत नसेल तर मुलांनी, म्हणजे नवऱ्यांनी, आपल्या आईशी बोलावं. पण लेकरू झोपल्यावर.

मरियामातेचं एक चित्र आम्हाला अशा वेळी आठवतं. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात हरवला, तीन दिवसांनी मंदिरात सापडला. तीन दिवस! आपल्यातल्या कुणीही चारचौघांत कान धरला असता. मरिया विचारते, बाळा, असं का केलंस, आणि आपल्याला किती यातना झाल्या ते सांगते. आधी प्रश्न, मग स्वतःचं दुःख. लूक लिहितो की मग तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

आणि आता आपल्या धर्मग्रामाबद्दल, कारण सगळं आईबापांवर ढकलणं बरोबर नाही. रविवारी मिस्सामध्ये एखादं लेकरू मधल्या वाटेत धावलं किंवा ओरडलं की माना वळतात. कुणी "च्च" करतं. ती आई लाजेने लाल होते, त्याला दंडाला धरून बाहेर ओढते आणि तिथं, देवळाच्या दारात, एक फटका देते. तो फटका खरं म्हणजे आपण दिलेला असतो. मार्कच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात लोक बालकांना येशूकडे आणत होते आणि शिष्य त्यांना दटावत होते. येशू रागावला, असं मार्क लिहितो. बालकांवर नव्हे, शिष्यांवर. म्हणून मान वळवायचीच असेल तर हसण्यासाठी वळवा. आयांनो, मागे दाराजवळ बसू नका, पुढे बसा. वेदी दिसली की लेकरू जास्त वेळ टिकतं. फारच झालं तर बाहेर न्या, शांत करा आणि परत आणा. आणि जे बाप प्रवचनाच्या वेळी बाहेर मोटरसायकलींजवळ उभे असतात त्यांनी त्या दहा मिनिटांत लेकराला कडेवर घेतलं तर फादर काही म्हणणार नाहीत, उलट खूश होतील.

येत्या ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, आळीपाळीने घरोघरी तेर्स होईल. लहान लेकरांना घेऊनच या. पन्नास मण्यांपर्यंत दोन वर्षांचं पोर बसणार नाही, त्याच्याकडून दहाची अपेक्षा ठेवा. हातात त्याची स्वतःची माळ द्या, लाकडी, मोठ्या मण्यांची. ते ती फेकणार. फेकली की उचलून टेबलावर ठेवा, त्या संध्याकाळपुरती. जेजू रागावला म्हणून नव्हे, माळ फेकायची नसते म्हणून. आणि तेही एकदाच सांगून. शेवटी घरातल्या थोरांकडे आशीर्वाद मागायला सगळी मुलं रांगेत येतात तेव्हा त्यालाही आणा, इतरांइतकाच त्याच्याही कपाळावर क्रूस काढा. माळ दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या हातात द्या.